खडपाची खूण

उत्तनच्या किनाऱ्यावर भांडायला फार मोठं कारण लागत नाही. बोंबील वाळत घालायची काठी शेजाऱ्याच्या बाजूला हातभर सरकली तरी पुरतं. पण लुईस आणि कॅजिटन या सख्ख्या भावांचं भांडण ज्या वस्तूवरून झालं, ती वस्तू गावात कुणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. भांडणाऱ्यांनीही पाहिलेली नव्हती.

ती वस्तू म्हणजे समुद्रातलं एक खडप. शिडाच्या होडीनं अडीच तास गेलं की सगळीकडे तळाला नुसता चिखल, आणि त्या चिखलात मध्येच उभा असलेला हा एकटा दगडी सुळका. असल्या दगडाच्या आसऱ्याला मोठा मासा राहतो. घोळ, तांब, हेकरू. गरी सोडली की रिकामी वर येत नाही. फक्त होडी नेमकी त्याच्या डोक्यावर उभी राहायला हवी, आणि डोकं तर एवढंसं, घरापुढच्या अंगणाएवढं. वरून ते दिसत नाही. ते सापडतं खुणेवर. किनाऱ्यावरची दोन ठिकाणं एका रेषेत आणायची, दुसऱ्या बाजूची दोन दुसऱ्या रेषेत आणायची, दोन्ही जुळलं की आपण जागेवर. ही खूण बाप मुलाला सांगतो, तीही कानात. चारचौघांत उच्चारली की ती गेली. दुसऱ्या दिवशी तिथे गावच्या होड्यांची जत्रा. म्हणून उत्तनचा माणूस एक वेळ घरातलं सोनं काढून दाखवील, पण खूण सांगणार नाही.

हे खडप त्या भावांच्या बापाला सापडलेलं. बाप गेला १९२७ साली, तेव्हा कॅजिटन नुकताच बोटीवरची नोकरी सोडून परत आला होता. अठराव्या वर्षी तो आगबोटीवर खलाशी म्हणून गेला होता, तो चाळिशीला टेकल्यावर आला. घर अर्धं अर्धं झालं. बापाची होडी लुईसनं ठेवली, कॅजिटननं पगारातून साठवलेल्या पैशांत स्वतःची बांधली. राहिलं खडप. दगड काय कापून वाटता येत नाही. तेव्हा थोरल्या लुईसनं धाकट्याला देवळाच्या आवारात नेलं (उत्तनचे ख्रिस्ती कोळी चर्चला देऊळच म्हणतात), तिथल्या दगडी क्रुसावर हात ठेवला आणि खूण त्याच्या कानात सांगितली.

कॅजिटन पहिला हंगामभर गेला. चिखल. दुसरा हंगामभर गेला. चिखल, आणि गरीला चुकूनमाकून एखादा स्वस्तातला शिंगाळा. तिसऱ्या वर्षी एका रविवारी मिस्सा (देवळातली उपासना) संपल्यावर सगळं गाव आवारात उभं असताना तो मोठ्यानं म्हणाला, "माज्या भावानं ह्या क्रुसावर हात ठेवून मना खोटं सांगितलं." लुईस काही बोलला नाही. घरी गेला, आणि त्या दिवसापासून त्यानं स्वतःही खडपावर जाणं सोडलं. ज्या दगडावरून मला खोटा म्हटलं त्याचा मासा माझ्या चुलीवर नको, असं तो बायकोला म्हणाला. गावानं मात्र त्याचा वेगळा अर्थ लावला. खरा असता तर जात राहिला असता, असं गाव म्हणालं. गावाला अर्थ लावायला पैसे पडत नाहीत.

१९३५ साली लुईस वारला. कॅजिटन मयताला आला, पण कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभा राहिला आणि तिथूनच परत गेला.

जाण्यापूर्वी लुईसनं आपल्या मुलाच्या, गॅब्रियलच्या कानात खूण सांगितली होती. गॅब्रियल मासेमारीतला नव्हता. मुंबईच्या गोदीत पाणबुडे खाली उतरतात, त्यांना वरून हवा पुरवणाऱ्या पंपावर तो काम करायचा. खूण त्याच्याजवळ दोन वर्षं पडून होती आणि तो एकदाही त्या जागी गेला नव्हता. वेळ नव्हता असं तो म्हणायचा, ते काही खरं नव्हतं. खरं इतकंच होतं, की गेलो आणि खडप नसलंच तर काय, याची त्याला धास्ती वाटायची. बाप काकाशी खोटं बोलला असेल हे एक वेळ पचलं असतं. मरताना आपल्याशीही खोटं बोलला असेल, हे पचलं नसतं.

पण माणसाच्या डोक्यात एकदा किडा शिरला की तो स्वस्थ बसू देत नाही. १९३७च्या शेवटी गोदीत एक जुना पाणबुड्याचा तांब्याचा टोप मोडीत निघाला. साधा टोप, खांद्यांवर ठेवायचा, खालून उघडा, वरून नळीनं हवा येते आणि पाणी हनुवटीपाशी थांबतं. गॅब्रियलनं तो मागून घेतला, काच बदलली, हातपंप दुरुस्त केला. पंपावरचा त्याचा जोडीदार धर्मा हा भाईंदरच्या मिठागराकडचा. त्याला घेऊन जानेवारीत तो सुट्टीवर उत्तनला आला. आला तो थेट किनाऱ्यावर, जिथे कॅजिटन होडीच्या फटींत कापूस भरत बसला होता.

"काका, मना खडपावर जायचं हाय. तुज्या होडीतून."

कॅजिटननं नऊ वर्षांत पुतण्याशी शब्द काढला नव्हता. त्यानं हातातली छिन्नी खाली ठेवली नाही. "कंच्या खडपावर? जे न्हायच, त्याच्यावर?"

"मी खाली उतरून बघतो. असलं तर तू गावात सांगायचं. नसलं तर मी सांगीन."

"तू काय सांगशील?"

"माजा बापूस खोटा होता, असं."

कॅजिटननं टोपाकडे बघितलं, मग धर्माकडे, मग परत टोपाकडे. "ह्यात डोकं घालून मरशील."

"मग तुजंच खरं झालं."

म्हातारा थोडा वेळ फटीत कापूस ठोकत राहिला. मग म्हणाला, "अष्टमीला भांग हाय. पाणी ढिलं असंल. पहाटं ये."

भांग म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सगळ्यात कमी असतो ते दिवस. पाण्याला ओढ कमी, त्यामुळे गढूळपणाही कमी. पाणबुड्याला हेच दिवस हवेत. तिघं पहाटेच्या ओहोटीबरोबर निघाले. गॅब्रियल सुकाणूवर बसला. धर्माला होडीच्या नाकावर, समुद्राकडे तोंड करून बसवलं आणि मागे वळायचं नाही असं बजावलं.

"अरे, मी मिठातला माणूस," धर्मा कुरकुरला. "मना तुमच्या खुणा घेऊन काय लोनचं घालायचंय?"

पण वळला नाही. मागे मोठी गंमत चालली होती. गॅब्रियल किनाऱ्याकडे बघत होता, आणि काका बघत नसल्याचं दाखवत होता. त्याची नजर स्वतःच्या पायांवर होती, पण मान घटकाघटकाला एकदा इकडे, एकदा तिकडे वळत होती. काका-पुतण्या दोघांजवळ एकेक खूण होती, आणि दोघांनाही दुसऱ्याजवळची माहीत नव्हती. विचारणं शक्य नव्हतं, कारण विचारायचं म्हणजे उच्चारायचं. म्हणून तर नऊ वर्षांत कुणी ताडून बघितली नव्हती.

मग रेषा जुळल्या. गॅब्रियल "टाक" म्हणायला तोंड उघडतो तोच कॅजिटननं नांगर पाण्यात सोडला होता.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. खूण एकच होती.

"हीच दिली व्हती मना," कॅजिटन हळू म्हणाला. "हितं न्हाय काही. म्हंजे त्यानं पोरालाबी तेच सांगितलं." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि ते गॅब्रियलला जास्त लागलं.

शिसं बांधलेली दोरी खाली सोडली. सात वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं अंतर), तळाला चिखल. तरी आलोय तर उतरू, म्हणून गॅब्रियलनं कमरेला शिसं बांधलं, धर्माला आणि काकाला पंपाच्या दांड्याच्या दोन बाजूंना बसवलं आणि दोरीच्या खुणा समजावल्या. एक ओढ म्हणजे ठीक, दोन म्हणजे दोरी सोडा, तीन म्हणजे वर घ्या. "आणि हात थांबवायचा न्हाय," तो काकाला म्हणाला. "काही झालं तरी." मग टोप खांद्यांवर घेतला आणि होडीच्या कडेवरून उतरला.

कान दुखले, सुटले, पुन्हा दुखले. हिरवं पाणी पिवळं झालं, मग मातकट. पाय लागले ते पोटरीपर्यंत चिखलात गेले. चार हातांपलीकडे काही दिसत नव्हतं. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला टोपात फुस्स करून हवा यायची आणि पाणी हनुवटीवरून जरा खाली सरायचं. असल्या टोपात वाकता येत नाही. वाकलं की हवा निसटते आणि पाणी आत येतं. गॅब्रियल नांगराचा दोर धरून ताठ उभ्यानं चालत राहिला. दोन खेकडे दिसले, फुटक्या मडक्याचा एक तुकडा दिसला, बाकी चिखल. त्याच्या मनात आलं, सांगावं लागणार. रविवारी आवारात उभं राहून सांगावं लागणार. टोपाच्या आत त्याला रडू यायला लागलं आणि डोळे पुसायला हात आत जाईना.

आपला नांगर सापडला तिथेच त्याचा पाय ठेचकाळला. तो गुडघ्यावर बसला, पाठ सरळ ठेवून, आणि हातानं चिखल चाचपला. दगड. सपाट, मध्ये भोक पाडलेला. जुन्या काळी लोखंडाचे नांगर नव्हते तेव्हा वापरायचे तो दगडी नांगर. त्यानं बोटं फिरवली तर एका अंगाला कोरलेल्या तीन उभ्या रेघा लागल्या. उत्तनला प्रत्येक घराची आपली निशाणी असते, आणि तीन रेघा ही त्यांच्या घराची. शेजारीच दुसरा दगड होता. त्यावरही तीन रेघा.

त्यानं तीनदा दोरी ओढली.

वर आल्यावर त्यानं टोप काढला, श्वास घेतला आणि काय सापडलं ते सांगितलं. कॅजिटन पंपावरून उठला. "आमच्या बापाचे दगड," तो म्हणाला. "वारा एकदम उठला की दोर तोडून पळायचा तो. दगड काय, दुसरा मिळतो."

"म्हंजे आजा हितंच यायचा."

"हितंच यायचा," कॅजिटन म्हणाला. "पन हितं खडप न्हाय."

"काका," गॅब्रियल म्हणाला, "दगड हितं पडायचा. होडी कुठं असायची?"

कॅजिटननं मान वळवली. तो होडीच्या नाकाकडे बघत होता, जिथे दोराचं वेटोळं पडलं होतं. गॅब्रियलनं त्याचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. म्हातारा खाली बसला, तोंडावरून हात फिरवला आणि सांगायला लागला.

"बोटीवर जायच्या अगोदर दोन हंगाम मी बापाबरोबर येत व्हतो. थोरला सुकानूवर. मी नाकावर, पाठ किनाऱ्याकडं. माजं काम दोर सोडायचं. नांगर पडला की दोर सोडत र्‍हायचा, सगळा, संपेपर्यंत. खडपावर नांगर कोन टाकत न्हाय, खडप नांगर खातं. नांगर लांब चिखलात टाकायचा आनि ओहोटीबरोबर मागं सरकत खडपावर यायचं." तो थांबला. "बावीस वर्सं बोटीवर काढली, हे सगळं इसरलो. तिथं खूण म्हंजे जिथं बोट उभी, ती जागा. मी खुणेवर येऊन थोडा दोर द्यायचो, जेवढा बोटीवर देतात तेवढा, आनि गरी सोडायचो."

धर्मानं वळून बघितलं, आता बंदी राहिली नव्हती. "म्हंजे भावानं तुमाला दोराचं सांगितलंच न्हाय?"

"का सांगंल? दोर मीच सोडायचो."

गॅब्रियलला एकदम बाप दिसला, रविवारच्या उन्हात आवारात उभा, तोंड मिटलेला. ज्याच्या हातून सगळा दोर जायचा, त्यालाच आता दोर सोडायला शिकवायचं? थट्टा केल्यासारखं झालं असतं. आणि एकदा सगळ्या गावासमोर खोटा ठरल्यावर लुईस दोराचं सांगायला जाणाऱ्यातला नव्हता. घरातली सगळी माणसं तशीच. गॅब्रियलला बापाचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी त्याचा भयंकर रागही आला.

"सोड दोर, काका," तो म्हणाला.

कॅजिटननं दोर सोडायला घेतला. ओहोटी मंद होती, होडी सावकाश मागे सरकत होती. धर्मा शिशाची दोरी टाकत होता आणि आकडा सांगत होता. सात. सात. सात. चाळीस वाव दोर गेला तरी सात. पन्नासाला सात. कॅजिटनच्या पायाशी वेटोळं संपत आलं. मग धर्मा म्हणाला, "चार," आणि दोरी परत टाकून म्हणाला, "तीन."

गॅब्रियलनं टोप पुन्हा खांद्यांवर घेतला.

या वेळी अंधार आला नाही. ओहोटीचं ढिलं पाणी तिथे बऱ्यापैकी स्वच्छ होतं, आणि त्याच्या पायांखाली जे वर येत होतं ते बघून तो दोरी ओढायचं विसरला. त्याच्या मनात इतकी वर्षं काळा, बोडका दगड होता. हा दगड कुठेच बोडका नव्हता. सुपाएवढे नारिंगी पंखे त्याला आडवे फुटले होते आणि सगळे एकाच लयीत हलत होते. खबदाडांतून पिवळी पोवळी उगवली होती, बोट लावलं की त्यांची फुलं मिटायची, आणि मिटलेली परत उघडतात का हे बघत तो कितीतरी वेळ उभा राहिला. उघडली. कडेकडेनं काटेरी गोळे बसले होते. एक हेकरू, बोकडाएवढा, कपारीतून तोंड काढून त्याच्याकडे बघत होता, आणि हा टोपवाला प्राणी खायचा की भ्यायचा हे त्याचं ठरत नव्हतं. बारक्या रुपेरी माशांची झुंड आली, गॅब्रियलपाशी दुभंगली आणि पलीकडे परत एक झाली. सुळक्याच्या कडेवरून त्यानं खाली डोकावायचा मोह आवरला. कडा सरळ चिखलाच्या अंधारात उतरत होता. आजानं जन्मभर ह्याच्यावर गरी सोडली आणि त्याला कळलं नाही खाली काय आहे, हे त्याच्या मनात आलं. आपल्याला हे कळलं आणि बापाला कळलं नाही, याचं त्याला वाईट वाटलं.

तेवढ्यात टोपातली फुस्स थांबली.

पाणी हनुवटीवरून ओठांवर आलं, मग नाकाशी. गॅब्रियलनं मान मागे टाकली आणि टोपाच्या माथ्यातली उरलेली हवा ओढली. दोरी ओढायला हात नेला, तोवर एक ठोका आला. मग दुसरा. मग नेहमीसारखे. पाणी खाली गेलं. वर काय झालं ते धर्मानं त्याला नंतर सांगितलं. काका पंपाच्या दांड्यावर डोकं टेकून बसला होता. धर्मानं त्याला ढोसलं आणि म्हटलं, "काका, रडायचं तर रडा, पन हात चालवत रडा. खाली तुमच्या भावाचा पोर हाय."

गॅब्रियल वर आला तेव्हा त्याच्या हातात पोवळ्याची एक फांदी होती. त्यानं ती काकापुढे धरली. कॅजिटननं ती घेतली, उलटीसुलटी केली, हुंगलीसुद्धा. "रविवारी देवळात ये," एवढंच तो म्हणाला.

रविवारी मिस्सा संपला. गॅब्रियल आणि त्याची आई ज्युलियाना आवारात एका बाजूला उभी होती. कॅजिटन त्याच क्रुसापाशी गेला. माजा भाऊ खरा होता, असं तो म्हणेल, आणि तेवढं पुरे, असं गॅब्रियलला वाटत होतं. कॅजिटन तेवढं म्हणाला. गर्दीत कुणीतरी खोकलं. एक म्हातारा मान हलवून शेजाऱ्याला म्हणाला, मेलेल्यावर पांघरूण घालतोय.

कॅजिटननं ते ऐकलं. मग त्यानं क्रुसावर हात ठेवला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्या देवळाचा क्रूस खाडीवरल्या दोन ताडांच्या मधोमध. वसईच्या किल्ल्याचं टोक चौकच्या डोंगराबाहेर बोटभर. तिथं नांगर टाकायचा, ओहोटीला. मग पंचावन्न वाव दोर सोडायचा. माज्या भावाचं खडप तिथं हाय. उद्या जाऊन बघा."

गॅब्रियल अडवायला एक पाऊल पुढे गेला होता. आईनं त्याचा दंड धरला. एवढी तीन पिढ्यांची खूण, कानातून कानात आलेली, दहा सेकंदांत साऱ्या उत्तनची झाली. त्यानं पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

सोमवारी एकोणीस होड्या गेल्या. दुपारी त्या परतल्या. प्रत्येक होडीवाला घरी जाताना ज्युलियानाच्या ओट्यावर एकेक मासा ठेवून गेला. घोळ, तांब, एक अख्खा हेकरू. ज्युलियाना कोयता घेऊन बसली आणि मासा कापता कापता स्वतःशीच बोलत राहिली. "जिता व्हता तवा एकानं येऊन इच्यारलं न्हाय, लुईस, खरं काय ते."

शेवटी कॅजिटन आला. त्याच्या हातात मासा नव्हता. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, नऊ वर्षांत तो त्याच्या आत आला नव्हता. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि ज्याच्याशी बोलायचं होतं तो माणूस घरात नव्हता.

ज्युलियानानं मान वर केली नाही. "त्यानं दोराचं सांगितलं न्हाय, तू इच्यारलं न्हाय," ती म्हणाली. "आता मना सांगून काय उपेग." मग तिनं कोयता बाजूला ठेवला, आत जाऊन ताट वाढलं आणि लुईस बसायचा त्या जागेवर पाट मांडला. कॅजिटननं पाटाकडे बघितलं, आत आला, आणि पाट बाजूला सारून जमिनीवर बसला.